तेवीस फॉर्म, एकोणीस ओटीपी

परीक्षा अर्जांच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, संघप्रिया खंदारेच्या समोरचा कॉम्प्युटर तिला न विचारता बंद झाला. बंद होण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी येऊन गेली : 'तुमचे संरक्षण अद्ययावत झाले आहे. संगणक पुन्हा सुरू होत आहे.' पुन्हा सुरू व्हायला त्याला सत्तेचाळीस मिनिटं लागली. विद्यापीठाचं पोर्टल पाचला बंद होणार होतं. लॉगिनचं पान उघडलं तेव्हा पाचला तीन मिनिटं कमी होती, आणि ओटीपी टाकेपर्यंत पाच वाजून गेले.

तेवीस फॉर्म राहिले.

करपराकाठ महाविद्यालयात संघप्रिया चोवीस वर्षांपासून लिपिक होती. जिंतूरकडच्या रस्त्यावरचं हे साधंसं कॉलेज; दोन मजले, पुढं लिंबाची पाच झाडं, आणि आजूबाजूच्या वीस-बावीस खेड्यांतून एसटीनं येणारी पोरं. संघप्रियाचं माहेर पेडगावचं. आई गीताबाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची आणि पोरीला रोज परभणीला टायपिंगच्या क्लासला धाडायची. त्या क्लासात मराठीचा मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग घेऊन ती बाहेर पडली, आणि पुढं वर्षभरातच इथं चिकटली. चोवीस वर्षांत तिच्या हातून गेलेल्या एकाही टीसीवरची जन्मतारीख चुकली नव्हती. पोरांची नावं तर सोडाच, कोणाचं गाव कोणतं आणि कोणाची एसटी किती वाजताची, हेही तिला पाठ असे. लिपिकाच्या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. तशी तिची अपेक्षाही नव्हती. काम वेळेत झालं पाहिजे, एवढं मात्र तिला लागायचं.

परीक्षेचा फॉर्म विद्यार्थी ऑनलाइन भरतो; पण कॉलेजनं तो उघडून, तपासून, 'मंजूर'चं बटण दाबल्याशिवाय विद्यापीठ हॉल तिकीट देत नाही. ते बटण दाबणं संघप्रियाचं काम. एका फॉर्मला दोन मिनिटं, फार तर तीन. चारशे बारा फॉर्म होते. पंधरा दिवसांची मुदत होती. मागच्या वर्षी हेच काम तिनं चार दिवसांत हातावेगळं केलं होतं.

यंदाची गोष्ट वेगळी होती. उन्हाळ्यात कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून ऑफिसच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला आणि दोन वर्षांची हजेरीपत्रकं उघडेनाशी झाली. प्राचार्य रामप्रसाद सोनटक्के घाबरले. घाबरणं बरोबरच होतं, त्याबद्दल संघप्रियाची तक्रार नव्हती. त्यांनी जिंतूरहून योगीराजला बोलावलं. हा योगीराज कॉम्प्युटर विकायचा, दुरुस्त करायचा, आणि बोलायचा फार. ऑफिसच्या पाचही कॉम्प्युटरांवर संस्थेच्या परभणीच्या मुख्य कचेरीनं बसवलेला एक अँटिव्हायरस आधीपासून होता. तो काढायचा तर कचेरीचा पासवर्ड लागतो. योगीराजनं पासवर्ड मागण्याची तसदी घेतली नाही. जुन्याच्या उरावर त्यानं आपला नवा अँटिव्हायरस बसवला.

"दोन कशाला?" संघप्रियानं तेव्हाच विचारलं होतं.

"मॅडम, दोन कुलपं असली की चोराला दोनदा फोडावी लागत्यात," योगीराज हसून म्हणाला होता.

त्या दिवसापासून कॉम्प्युटरचा जीव गेला. सकाळी बटण दाबून ती फाइली लावायची, टेबल पुसायची, पाणी पिऊन यायची, तरी पडदा काळाच. अकरा वाजले की 'संपूर्ण तपासणी सुरू आहे' अशी पट्टी यायची आणि ती दुपार कलली तरी हलायची नाही. अकरा वाजता कॉम्प्युटर चालूच असतात म्हणून योगीराजनं ती वेळ लावलेली. ती बंद करायला गेलं की पासवर्ड मागायची, आणि पासवर्ड योगीराजच्या खिशात. एक अक्षर दाबलं की ते उमटायला वेळ लागायचा. चाळीसच्या वेगाची बाई दोन बोटांनी, थांबत थांबत टाइप करू लागली. खिडकीसमोर पोरांची रांग, आणि रांगेतून आवाज : "मॅडमला येत न्हाई काय ओ कॉम्प्युटर?"

तिनं प्राचार्यांना तीनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी दिलं. "सुरक्षा महत्त्वाची आहे," प्राचार्य म्हणाले. "थोडा त्रास सोसायला पाहिजे." बाहेरच्या नेट कॅफेत जाऊन फॉर्म मंजूर करू का, असंही तिनं विचारलं होतं. त्यावर त्यांनी परिपत्रकच काढलं : कॉलेजचं लॉगिन बाहेरच्या कॉम्प्युटरवर उघडल्यास कारवाई होईल. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मागितली, तर तिथं प्रात्यक्षिकं चालू होती. सगळ्या वाटा बंद करून झाल्यावर वर म्हणायचं, वेळेत करा.

शेवटच्या दिवशी एकसष्ट फॉर्म उरले होते. साडेनऊला बसून तिनं अकराच्या आत चोवीस उरकले. मग ती पट्टी आली. अकरा ते चार, पाच तासांत, चौदा. पान उघडेपर्यंत लॉगिनची वेळ संपायची आणि पोर्टल तिला बाहेर फेकायचं. पुन्हा लॉगिन, पुन्हा प्राचार्यांच्या मोबाइलवर ओटीपी, पुन्हा शिपायामार्फत तो मागवायचा. दुपारी प्राचार्य केबिनमधूनच ओरडले होते, "अहो खंदारे मॅडम, किती वेळा ओटीपी मागता? मला दुसरं काही काम आहे का नाही?" ती जेवायला उठली नव्हती. डबा तसाच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बंद पाकीट होतं. कारणे दाखवा नोटीस. 'आपल्या कामातील दिरंगाईमुळे तेवीस विद्यार्थ्यांचे अर्ज विद्यापीठाकडे जाऊ शकले नाहीत. आपणावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.'

तिनं ती नोटीस उभ्यानंच वाचली. दिरंगाई! चोवीस वर्षांत हा शब्द तिनं दुसऱ्यांच्या फाइलींवर पाहिला होता, स्वतःच्या नावापुढं कधी नाही. रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती चीड. नोटिशीची घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली, आणि तेवढ्यात दारातून पंकजा घुगे आत आली.

पंकजा तिसऱ्या वर्षाची. आई-बाप दिवाळी होताच ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेले. ही मावशीकडं राहून रोज एसटीनं यायची. तेवीस जणांत तिचं नाव होतं, आणि ती भांडायलाच आली होती.

"मॅडम, तुमी दोन आठवडे काय करायलावता? मी पयल्याच दिवशी फॉर्म भरलाय. माझे मायबाप कोयता घेऊन गेलेत अन् मी पेपरासाठी मागं ऱ्हायलेय. सर म्हणायलेत, बाई लय हळू काम करत्यात. तुमच्यामुळं माझं वर्ष जायलंय!"

मागं आणखी सहा-सात पोरं होती. संघप्रियाला वाटलं, ओरडावं. पण ओरडायचं ते या पोरीवर नाही, हे तिला त्या संतापातही कळत होतं. ती खुर्चीतून उठली.

"बस इथं," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या खुर्चीत बस. पोर्टल बंद झालंय, पण तुझं मागच्या वर्षीचं मार्कमेमो याच्यात हाय. तूच उघड. मी बोट लावत न्हाई."

पंकजा बसली. तिनं फाइलवर दोनदा टिचकी मारली. गोल चकरी फिरायला लागली. पोरं मागून वाकून बघत होती. संघप्रियानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. एक मिनिट झालं. दोन झाली. पंकजानं माउस हलवला तर पडद्यावर बाण हललाच नाही. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी म्हणालं, "हँग झालं." चौथ्याला पट्टी आली. फाइल उघडली तेव्हा सहा मिनिटं वीस सेकंद झाले होते.

पंकजानं माउसवरचा हात काढला आणि मान वर न करता म्हणाली, "असं रोज?"

"जून महिन्यापासून."

"मग तुमी सांगितलं का न्हाई कोणाला?"

संघप्रियानं कपाटातून आपल्या अर्जाची पोच काढून तिच्यापुढं धरली. त्यावर प्राचार्यांची सही होती आणि ऑगस्टची तारीख.

त्याच दुपारी अर्पिता आली. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायची. वयानं संघप्रियाच्या थोरल्या लेकीएवढी. तिनं कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबली आणि एक यादी उघडली : कॉम्प्युटरमध्ये आत्ता कोण कोण काम करतंय आणि कोण किती खातंय. यादीत वरच्या दोन ओळी दोन अँटिव्हायरसच्या. हार्ड डिस्क शंभर टक्के गुंतलेली.

"ताई, हे दोघं एकमेकांच्याच फाइली तपासायलेत," अर्पिता म्हणाली. "तुम्ही एक फाइल उघडली की आधी हा तपासतो. तो तपासतोय म्हणून दुसरा त्यालाच तपासतो. यात कॉम्प्युटरला तुमचं काम करायला फुरसतच नाही. एकावर दुसरा बसवूच नये, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो आम्ही."

"म्हणजे हे योगीराजला माहीत असणार?"

"माहीत नसेल तर वाईट. माहीत असेल तर त्याहून वाईट."

संघप्रियानं दोन दिवस नोंदी केल्या. कोणती फाइल, किती वाजता उघडायला घेतली, किती वाजता उघडली. अर्पितानं लॅबमधल्या, एकच अँटिव्हायरस असलेल्या, तेवढ्याच जुन्या कॉम्प्युटरवर त्याच फाइली उघडून शेजारी वेळ लिहिली. तिथं पाच सेकंद, इथं पाच मिनिटं. तिथं चार सेकंद, इथं उघडलीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी तिला बोलावलं. केबिनमध्ये योगीराज चहा पीत होता. प्राचार्यांचा सूर आज मऊ होता.

"मॅडम, बसा. मी विद्यापीठात बोललोय. कॉलेजनं कारणासह पत्र दिलं तर ते एक दिवस पोर्टल उघडतील. पोरांचं वर्ष वाचतंय. हा मजकूर, तेवढा टाइप करून आणा."

तिनं कागद घेतला. 'लिपिकाच्या वैयक्तिक दिरंगाईमुळे अर्ज प्रलंबित राहिले. संबंधितास समज देण्यात आली आहे.'

"हे मी टाइप करणार नाही," संघप्रिया म्हणाली.

"का?"

"खोटं आहे म्हणून."

प्राचार्यांचा सूर लगेच बदलला. "तुम्हाला तुमचा मान मोठा का तेवीस पोरांचं वर्ष? कॉलेजची यंत्रणाच नादुरुस्त आहे असं विद्यापीठाला लिहून देऊ? संस्थेची इज्जत आहे काही. एका ओळीनं तुमचं काय बिघडतंय? समजच तर आहे, पगार कापत नाही कोणी."

सकाळी घरीही तिनं हेच ऐकलं होतं. नवरा धम्मपाल एसटीच्या डेपोत मेकॅनिक, भला माणूस. "चूक झाली म्हणून लिहून दे अन् मोकळी हो, नोकरीची आठ वर्सं राह्यलीत," तो म्हणाला होता. तिनं भाकरीचं ताट बाजूला सारून विचारलं होतं, "डेपोनं ब्रेक खराब असलेली गाडी दिली अन् ठोकली, तर तुमी ड्रायव्हरलाच धराल का?"

पण आता पोरांचं वर्ष तिच्या पारड्यात टाकलेलं होतं, आणि ते वजन तिला सोसेना. क्षणभर वाटलं, द्यावं टाइप करून. पंकजाचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मग तिला एकाएकी उमगलं की आपल्यापुढं ठेवलेला हा सौदाच खोटा आहे. विद्यापीठाला कारण पाहिजे. ते खोटंच पाहिजे असं त्यांनी कुठं म्हटलंय?

"सर, तुमचा मोबाइल उघडता का जरा?" ती म्हणाली.

"कशाला?"

"शेवटच्या दिवशीचे ओटीपीचे मेसेज मोजा."

"त्याचा काय संबंध?"

"मोजा तर."

कुरकुरत प्राचार्यांनी चष्मा चढवला आणि बोट वर-खाली करत मोजायला घेतलं. पहिला नऊ छत्तीसचा. मग अकरापर्यंत एकही नाही. अकरा चौदा, अकरा चाळीस, बारा दोन... मोजता मोजता त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटचा चार अठ्ठावन्नचा. एकूण एकोणीस.

"दिरंगाई करणारा माणूस दिवसात एकोणीस वेळा लॉगिन करतो का, सर?" संघप्रियानं विचारलं. "अकराच्या आधी एका ओटीपीत चोवीस फॉर्म झाले. अकरानंतर अठरा ओटीपी लागले आणि चौदा फॉर्म झाले. अकराला काय सुरू होतं ते यांना विचारा."

योगीराजनं कप खाली ठेवला. "मॅडम, कॉम्प्युटर जुना हाय. त्याला आमी काय करणार? सॉफ्टवेअर एक नंबर हाय."

"तेवढाच जुना कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे," संघप्रियानं नोंदींचे कागद टेबलावर पसरले. "ह्या वेळा बघा. आणि पासवर्ड द्या. तुमचं सॉफ्टवेअर आत्ता, सरांच्या पुढं, दहा मिनिटं बंद करून दाखवा."

"तसं करता येत न्हाई. मग काही झालं तर जिम्मेदारी आमची न्हाई."

"आत्तापर्यंत जे झालं त्याची तरी कुठं घेतली तुमी?"

केबिनच्या दारात हालचाल झाली. पंकजा उभी होती, आणि तिच्यामागं व्हरांडाभर पोरं. तेवीसच्या तेवीस नसतील, पण पंधरा-सोळा नक्की. शिपाई त्यांना हटकत होता आणि ती हटत नव्हती.

"सर," पंकजा म्हणाली, "मी सोता बसून बघितलंय त्या कॉम्प्युटरवर. विद्यापीठात आमाला विचारलं तर आमी बघितलं तेच सांगणार. मॅडमचं नाव लिहिलं तर तसं न्हाई म्हणून सांगणार."

प्राचार्य रामप्रसाद काही दुष्ट माणूस नव्हते. चूक मान्य केली की खुर्ची डळमळते, असं मानणाऱ्यांपैकी ते होते, एवढंच. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा मोबाइलकडं. मग तो कागद संघप्रियाच्या हातून परत घेतला आणि म्हणाले, "तुम्ही लिहून आणा. बघतो."

तिनं ते पत्र लॅबमध्ये बसून पंधरा मिनिटांत टाइप केलं. दोन अँटिव्हायरस, अकराची तपासणी, आपोआप बंद झालेला कॉम्प्युटर, एकोणीस ओटीपी, सगळं तारीख-वेळेनिशी. विशेषण एकही नाही. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी तिनं आणि अर्पितानं पहिल्या गाडीनं परभणी आणि तिथून नांदेड, असं विद्यापीठ गाठलं. परीक्षा विभागातल्या अधिकाऱ्यानं पत्र वाचलं, आपल्या पडद्यावर कॉलेजच्या लॉगिनच्या वेळा काढल्या, पत्रातल्या वेळांशी एकेक ताडून पाहिल्या. "बरोबर आहे," तो म्हणाला. "उद्या दहा ते तीन उघडून देतो. असं स्वच्छ लिहिलेलं पत्र क्वचित येतं. नुसतं 'तांत्रिक अडचण' लिहून पाठवतात, मग आम्ही काय समजायचं?"

संघप्रियाला बरं वाटायला पाहिजे होतं. पण परतीच्या वाटेवर तिच्या मनात एकच घोळत राहिलं : खरं लिहिल्यानं अर्ध्या तासात काम झालं, आणि त्या खऱ्यासाठी आपल्याला तीन दिवस भांडावं लागलं.

तेवीस फॉर्म लॅबमधल्या कॉम्प्युटरवर बावन्न मिनिटांत मंजूर झाले. मुलांना हॉल तिकिटं मिळाली. पंकजा परीक्षेला बसली, पहिल्या पेपराच्या दिवशी ती खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी लय बोलले तुमाला." संघप्रियानं "पेपर कसा गेला ते सांग" म्हणून तो विषय तिथंच संपवला. त्या पोरीनं माफी मागावी असं तिला कधी वाटलंच नव्हतं. ज्यांनी मागायला हवी होती त्यांनी मागितली नाही.

पुढं मुख्य कचेरीतून माणूस आला. त्यानं योगीराजचा अँटिव्हायरस काढला, कचेरीचा ठेवला, आणि तपासणीची वेळ जेवणाच्या सुट्टीत लावून दिली. पण हे फक्त संघप्रियाच्या कॉम्प्युटरवर. बाकीच्या चारांवर दोन्ही तसेच राहिले, कारण योगीराजशी मार्चअखेरपर्यंतचा करार होता. ग्रंथालयातली कडूबाई अजून पुस्तकांच्या नोंदी आधी वहीत करते आणि सुट्टीच्या दिवशी येऊन कॉम्प्युटरात चढवते. तिला कोणी विचारत नाही.

नोटिशीचं काय, असं संघप्रियानं विचारलं तेव्हा प्राचार्य म्हणाले, "झालं ना आता सगळं. राहू द्या फाइलला, कोण वाचतंय?"

"मी वाचते," ती म्हणाली. "फाइली मीच सांभाळते."

तिनं लेखी मागणी केली. आठवड्यानं स्मरणपत्र दिलं, पुढच्या आठवड्यात दुसरं. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, एका ओळीचं : 'संदर्भीय नोटीस प्रशासकीय कारणास्तव मागे घेण्यात येत आहे.' ते वाचून ती पुन्हा केबिनमध्ये गेली.

"प्रशासकीय कारण कोणतं, सर?"

"आता काय शब्दाशब्दाला भांडणार का?"

"हो."

प्राचार्यांनी सुस्कारा सोडला, पेन काढलं, 'प्रशासकीय कारणास्तव' खोडलं आणि वर हातानं लिहिलं : 'लिपिकाची चूक नसल्यामुळे'. खाली बारीक सही केली.

तिनं त्याला जावक क्रमांक घातला, एक प्रत फाइलला लावली, एक पर्समध्ये ठेवली, आणि खिडकीशी बोनाफाइडसाठी कधीपासून उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "बोल, कोणत्या वर्षाला?"